अनुमोदक : श्रीमती कुमुद शेटे

शेटेमॅडमचं पत्र आलं तेव्हा मी वाचनालयाच्या पडवीत फाटक्या पुस्तकांच्या पाठींना खळ लावत बसलो होतो. पोस्टमन काकडे सायकलवरून न उतरताच म्हणाला, "सोनटक्के, आज वाचनालयाचं काही नाही. तुमचंच आहे." माझे हात चिकट होते, म्हणून मी त्याला ते टेबलावर ठेवायला सांगितलं. निळं अंतर्देशीय. पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि हात पुसायला मी गरजेपेक्षा बराच जास्त वेळ लावला.

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. एक-दोन महिने नाही, पंधरा वर्षं.

दोन हजार नऊ साल होतं. दसरा नुकताच झाला होता आणि विधानसभेच्या मतदानाला बारा दिवस उरले होते. आमच्या धामणखेडमधून कुमुद शेटे अपक्ष उभ्या होत्या. चिन्ह कपबशी. त्यांच्यासमोर संग्राम डुबल, आप्पासाहेब डुबलांचा मुलगा. आप्पासाहेब म्हणजे गावची शाळा, कॉलेज, दूधसंघ, आणि बुडेपर्यंत आमची नागरी बँकसुद्धा. मी त्या बँकेत सव्वीस वर्षं लिपिक होतो. बँक अडचणीत आली त्याच्या वर्षभर आधी निवृत्त झालो आणि वाचनालयात बिनपगारी बसू लागलो.

गावात माझी ओळख एकच होती, सोनटक्क्यांचं अक्षर. संचालक मंडळाच्या सभांचं इतिवृत्त मी लिहायचो. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझा घसा कोरडा पडतो, लहानपणापासून पडतो. पण कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून दुसऱ्यांचं बोलणं कागदावर उतरवायला घसा लागत नाही. आप्पासाहेब नव्या संचालकाला माझी ओळख करून देताना सांगत, "हे आमचे सोनटक्के. बोलत नाहीत, पण यांनी लिहिलं की झालं." मला ते कौतुक वाटायचं.

शेटेमॅडम पुण्याला एका मोठ्या बँकेत वीस वर्षं अधिकारी होत्या. लग्न केलं नव्हतं. आई अंथरुणाला खिळली तशी नोकरी सोडून गावी आल्या. बोर्डावर एक जागा बाईची भरायची होती आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांशी इंग्रजीत बोलणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून आप्पासाहेबांनी त्यांना आग्रहानं घेतलं. त्या सभेला पंधरा मिनिटं आधी येत आणि टिपणं खरोखरच वाचत. त्यांच्याआधी ती कुणी वाचलेली मी पाहिली नव्हती. वाचनालयात दर शनिवारी पुस्तक बदलायला यायच्या. माझ्याकडून एक शिफारस घ्यायच्या आणि पुढच्या शनिवारी ती कशी चुकली ते हसत सांगायच्या. माझ्या आयुष्यात माझ्याशी पुस्तकांबद्दल बोलणारी माणसं दोन झाली. त्यातल्या एक त्या.

बँकेवर निर्बंध आले तेव्हा गावात कल्लोळ झाला. सहा महिन्यांत हजार रुपयांवर काढता येत नव्हते. बाकीचे संचालक घरात बसले. शेटेमॅडम मात्र आपल्या घराच्या ओट्यावर सतरंजी टाकून बसल्या आणि ठेवीदारांचे अर्ज भरून देऊ लागल्या. दोन वर्षं. विम्याचे अर्ज, अडचणीचे अर्ज, मुलीच्या लग्नाचं कारण दाखवणारे अर्ज. मुंबईला चार खेपा केल्या. त्या ओट्यावरूनच लोकांनी त्यांना निवडणुकीला उभं केलं. त्या नको म्हणत होत्या. मग हो म्हणाल्या.

आणि दसऱ्याच्या तोंडावर डुबलांचं पत्रक घरोघरी पडलं.

त्यावर लिहिलं होतं की, पुण्याच्या बँकेत वीस वर्षं काढलेल्या बाईंना हे कर्ज बुडणार हे कळलं नाही, की कळून हात वर केला? खाली ठरावाची झेरॉक्स छापली होती, माझ्या अक्षरात. ठराव क्रमांक अकरा. अमुक शीतगृहास कर्ज मंजूर करण्यात येत आहे. ठराव सर्वानुमते मंजूर. सूचक, श्री. रंगनाथ माने. अनुमोदक, श्रीमती कुमुद शेटे.

हेच ते कर्ज. बँक बसली ती याच्यामुळे, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. शीतगृह आप्पासाहेबांच्या मेव्हण्याचं होतं, हेही गावाला ठाऊक होतं. रंगनाथ माने आदल्या वर्षी वारले होते. पण आप्पासाहेबांनी सगळ्याला एकच उत्तर तयार ठेवलं होतं, आणि ते चौकाचौकात ऐकू येत होतं. आम्ही आडाणी माणसं. मी सातवी पास. बँकेतलं कळणारी बोर्डावर एकच होती, ती हो म्हणाली, मग आम्ही कोण नाही म्हणणार?

मॅडम म्हणाल्या, मी त्या सभेत विरोध केला होता. लोकांनी त्यांच्यापुढे पत्रक धरलं.

वाचनालयात वर्तमानपत्राच्या टेबलाशी हीच चर्चा. कुणी म्हणायचं, कागद बनावट असेल. त्यावर बाजारपेठेतला टेलर चष्मा पुसत म्हणाला, "बनावट कसा? अक्षर आपल्या सोनटक्क्यांचं. तिथं बसलेत, विचारा की." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरात काहीतरी लिहू लागलो. टेलर म्हणाला, "बघा. आत्तासुद्धा लिहितायत." सगळे हसले आणि विषय बदलला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पत्र आलं. ते माझ्याकडे अजून आहे, पण पाहायची गरज पडत नाही.

"श्री. सोनटक्के यांना नमस्कार. चार दिवस तो कागद समोर घेऊन बसले आहे. दुसऱ्या कुणाचं अक्षर असतं तर खोटं म्हणून मोकळी झाले असते. माझा विरोध नोंदवा असं मी तुम्हाला सांगितलं होतं, असं मला आठवतं. पण साडेचार वर्षं झाली, आणि माणसाला स्वतःबद्दल सोयीचं तेच आठवतं हे मी बँकेत रोज पाहिलं आहे. तुम्ही तिथं होतात. मी अनुमोदन दिलं होतं का? हो असेल तर मी सभेत उभी राहून चूक कबूल करीन, माझ्या नावावर विश्वास ठेवणाऱ्यांना निदान तेवढं मिळायला हवं. नसेल तर दोन ओळी लिहून द्या. तुम्ही जे सांगाल ते मी मानीन. उत्तराची वाट पाहते. कुमुद शेटे."

मी ते चार वेळा वाचलं. मला काय आठवत होतं? मॅडमनी तारणाबद्दल काही विचारलं होतं, हे आठवत होतं. मग त्या माझ्याकडे वळून काही म्हणाल्या होत्या आणि माझं पेन थांबलं होतं. का थांबलं, ते आठवत नव्हतं. किंवा आठवायचं नव्हतं. हा फरक मला आजही नीट करता येत नाही. एक शंका मनात होती, पण तिची खात्री करायला मूळ वही लागली असती, आणि वही डुबलांच्या माणसांकडे होती. माझ्यापुढे होता तो एकच ठराव, आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं. आयुष्यभर मी लिहिलेल्यावर विश्वास ठेवत आलो. स्वतःच्या डोक्यावर कधी ठेवला नाही.

घरी जाऊन मी कागद घेतला. 'आपले पत्र मिळाले' एवढं लिहिलं. पुढचं सुचेना. तो फाडून दुसरा घेतला. प्रमिला, माझी बायको, निवडत असलेले तांदूळ बाजूला सारून म्हणाली, "अहो, द्यायचं तर द्या, नाहीतर नका देऊ. पण असं पोटात दुखत असल्यासारखं बसू नका."

मी तिला पत्र वाचून दाखवलं. मग मेधाचं नाव निघालं. मेधा आमची मुलगी. डुबलांच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून तिसरं वर्ष. जूनमध्ये कायम करायचं की घरी पाठवायचं ते संस्था ठरवणार होती. जावई ज्या कारखान्यात होते तो बंद पडला होता आणि तीन माणसांचं घर तिच्या तुटपुंज्या मानधनावर चाललं होतं.

"जून होऊन जाऊ दे," प्रमिला म्हणाली. "मग लिहा. पत्र काय पळून जातंय?"

"मतदान तेरा तारखेला आहे."

"मला तारीख माहीत आहे," ती म्हणाली, आणि सूप पुढे ओढलं.

शनिवारी वकील थिटे घरी आले. डुबलांच्या प्रचाराची सगळी सूत्रं त्यांच्याकडे होती. मी त्यांना आत बोलावण्याआधीच ते चप्पल काढून सतरंजीवर बसले होते. चहा घेतला, साखर कमी आहे म्हणून कौतुक केलं, मेधाची चौकशी केली. मुख्याध्यापक तिच्या कामावर खूष आहेत असं त्यांच्या कानावर होतं. एवढंच म्हणाले, आणि ते त्यांनी खरोखर चांगल्या मनानं म्हटल्यासारखं वाटलं. त्यानंतर कामाचं बोलले. उद्या संध्याकाळी पाचला बाजार आवारात सभा आहे. मी व्यासपीठावर बसावं आणि इतिवृत्ताचं ते पान वाचून दाखवावं.

मी म्हणालो, मला माईकवर बोलता येत नाही. कधी बोललो नाही.

"बोलायचं कुठं आहे, सोनटक्के?" थिटे हसले. "वाचायचं आहे. वाचण्यात तर तुमचा जन्म गेला. जे लिहिलंय तेवढंच. एक शब्द जास्त नको, एक कमी नको. त्यात खोटं आहे काही?"

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आज कळतं. तेव्हा मी म्हणालो, "नाही."

"मग झालं तर." त्यांनी प्रमिलाला नमस्कार केला आणि गेले. प्रमिला कपबशा उचलत म्हणाली की उद्या तो पांढरा सदरा घाला, इस्त्रीचा. मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

बाजार आवारात कांद्याच्या लिलावाचा जो ओटा आहे, त्यालाच व्यासपीठ केलं होतं. माणूस बरंच होतं. मागच्या बाजूला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत बायका बसल्या होत्या. चार खांबांना चार कर्णे, आणि त्यातला एक शेट्यांच्या गल्लीकडे तोंड करून बांधलेला मी पाहिला. मॅडमचं घर तिथून ओरडलं तरी ऐकू जाईल एवढ्या अंतरावर होतं. त्यांची आई त्या घरात झोपून असायची आणि मॅडम संध्याकाळी तिला भरवायला प्रचारातून घरी येत, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

आप्पासाहेब आधी बोलले. ते फार चांगलं बोलत. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि घरात बोलावं तसं सुरू केलं.

"मला बँकेतलं काय कळतंय? मला म्हशीचं कळतंय. कुठली दूध देणार, कुठली लाथ मारणार." लोक हसले. "पण आमच्या बोर्डावर एक विद्वान होती. पुण्याची. वीस वर्षं नोटांच्या गराड्यात बसलेली. आम्ही तिच्या तोंडाकडे बघायचो. ती म्हणाली घ्या, आम्ही घेतलं. आता ती म्हणती, मी नको म्हटलेलं. बरं बाई, तू म्हणशील ते. पण लिहिलंय काय ते तरी ऐकूया का? लिहिणारा माणूस माझा नाही. साऱ्या गावाचा आहे. या, सोनटक्के."

मी उठलो. माईक माझ्या उंचीला आणेपर्यंत कुणीतरी मागून ओरडलं, "आज मुकं बोलणार रं," आणि ट्रॉलीतल्या बायकाही हसल्या. थिट्यांनी माझ्या हातात कागद दिले. मला वाटलं होतं एकच ठराव असेल. पण सभेला वजन यावं म्हणून त्यांनी अख्ख्या सभेची झेरॉक्स काढली होती. ते कानात म्हणाले, "आठपासून वाचा. एकदम अकरावर गेलात तर मुद्दाम काढल्यासारखं दिसेल."

मी वाचायला लागलो. माझा आवाज चारी कर्ण्यांतून माझ्याकडेच परत येत होता आणि तो मला माझा वाटत नव्हता. ठराव क्रमांक आठ. शिपायांचे गणवेश. अनुमोदक, श्री. किसनराव लोखंडे. ठराव क्रमांक नऊ. शाखेची रंगरंगोटी. अनुमोदक, श्री. वसंतशेठ शहा. ठराव क्रमांक दहा. जुनं टंकलेखन यंत्र निकाली काढणं. अनुमोदक, श्री. दस्तगीर मुल्ला.

आणि मी थांबलो.

हे इतिवृत्त कसं लिहिलं जाई ते सांगायला हवं. सभेत सूचक, अनुमोदक असं कुणी म्हणत नसे. आप्पासाहेब "घ्या मंजूर" म्हणत, की पुढचा विषय. कधी एखादा संचालक हौसेनं "माझं अनुमोदन" म्हणाला, तर त्याचं नाव मी लिहीत असे. नाहीतर नावं मी दुसऱ्या दिवशी जागेवर बसून घालत असे. एकदा वसंतशेठ तीन महिने रुसून बसले होते, वहीत आपलं नाव येत नाही म्हणून. तेव्हा आप्पासाहेब मला म्हणाले, सगळ्यांना वाटून देत चला. मग मी खुर्च्यांच्या क्रमानं देऊ लागलो, दारापासून सुरुवात करून, पंगतीत वाढावं तसं. एक ठराव, एक नाव, पुढचा ठराव, शेजारचं नाव. किसनराव सभेत चहा येईपर्यंत डोळे मिटून बसत. त्यांनी गणवेशांना अनुमोदन दिलं ते याच पंगतीत.

किसनराव दाराशी बसत. त्यांच्या शेजारी वसंतशेठ. वसंतशेठ यांच्या शेजारी मुल्ला. मुल्लांच्या शेजारी शेटेमॅडम.

वहीतली ही नावं मी इतक्या वर्षांत कधी मोठ्यानं वाचली नव्हती. ती ऐकल्याबरोबर ती खोली माझ्यापुढे उभी राहिली, आणि पेन का थांबलं तेही. मॅडम म्हणाल्या होत्या, "सोनटक्के, माझा विरोध नोंदवा." मी लिहायच्या आधी आप्पासाहेबांकडे पाहिलं. आप्पासाहेब म्हणाले होते, "लिहितील हो ते. मुल्ला, जरा चहाचं बघा." मग चहा आला. दुसऱ्या दिवशी मी 'सर्वानुमते' लिहिलं, कारण प्रत्येक ठरावाखाली तेच लिहिलं जाई, आणि पुढचं नाव वाढलं, कारण पाळी त्यांची होती. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करायचं असतं. ते वाचलं असं समजून कायम झालं. तसंच नेहमी होत असे. पत्रक पडेपर्यंत तो कागद मॅडमनी कधी पाहिलाच नव्हता.

समोर चारएक हजार माणसं आणि चार कर्णे. हे सांगायला फार तर चार वाक्यं लागली असती.

"वाचा, सोनटक्के," थिटे मागून हळूच म्हणाले.

मला वाटतं मी तोंड उघडलं होतं. पहिल्या रांगेत शाळेचे मुख्याध्यापक बसले होते आणि त्यांच्या मागच्या रांगेत शाळेतल्या शिक्षिका, आणल्या होत्या म्हणून आलेल्या. त्यांत मेधा होती. ती माझ्याकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर फक्त काळजी होती, बाबा माईकवर घाबरले तर नाहीत ना, एवढीच.

"ठराव क्रमांक अकरा," मी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. अनुमोदकाचं नावही वाचलं, स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करून, जसं मी लिहितो तसं.

टाळ्या झाल्या. आप्पासाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी खाली बसलो. मागून कुणीतरी म्हणालं की म्हातारा वाचतो मात्र गोड.

पत्राचं उत्तर द्यायला अजून नऊ दिवस होते. मी कागद घेऊन बसलो नाही असं नाही. पण आता उत्तर लिहायचं म्हणजे नुसतं तुम्ही विरोध केला होता एवढं पुरणार नव्हतं. मी काल सगळ्या गावापुढे काय वाचलं, आणि वाचताना मला काय कळलं होतं, तेही लिहावं लागणार होतं. मी रोज उद्यावर ढकललं.

मंगळवारी संध्याकाळी मी वाचनालयात होतो. प्रमिला कधी तिकडे येत नसे. ती पदर सावरत पायऱ्या चढून आली आणि टेबलापाशी उभी राहिली.

"शेटेबाईंनी कबूल केलं," ती म्हणाली.

चौकात मॅडमची सभा होती. तिथं त्या काय म्हणाल्या ते प्रमिलानं भाजी घेता घेता ऐकलं होतं. नंतर मी ते आणखी पाचसहा जणांकडून ऐकलं आणि सगळ्यांनी जवळजवळ तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, मला असं वाटत होतं की मी विरोध केला. मी लिहिणाऱ्याला पत्र घालून विचारलं. त्यांनी परवा तुमच्यासमोर उत्तर दिलं. ते गृहस्थ खोटं लिहीत नाहीत आणि खोटं वाचत नाहीत. तेव्हा चूक माझीच असणार. माझ्या एका 'हो'मुळं तुमचे पैसे गेले. मी तुमची क्षमा मागते. तुम्हाला मत द्यायचं तर हे लक्षात ठेवून द्या.

कुणी हुर्यो केली नाही म्हणे. लोक नुसते उठून गेले.

मला वाटलं, आत्ता उठावं आणि चौकात जावं. मी उठलोही. प्रमिला म्हणाली, सभा संपली. सगळे गेले. मग ती म्हणाली, चला घरी. आणि मी वाचनालयाला कुलूप लावलं.

त्या पाच हजार मतांनी पडल्या. ओट्यावर येणारे ठेवीदार यायचे थांबले. जे आले ते अर्ज भरायला नाही, विचारायला आले. एक म्हातारी रोज सकाळी येऊन समोर बसायची, काही बोलायची नाही. जानेवारीत मॅडमची आई गेली. मार्चमध्ये त्यांनी घर विकलं आणि सोलापूरला बहिणीकडे गेल्या. जाण्याआधीच्या शनिवारी त्या पुस्तक परत करायला आल्या होत्या. मी आतल्या कपाटामागे होतो. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, माझी थोडी वाट पाहिली, आणि गेल्या. मी आवाज ऐकत होतो.

जूनमध्ये मेधा कायम झाली. पेढ्यांचा पुडा घेऊन ती घरी आली, आणि आम्ही तिघांनी पेढे खाल्ले. जून होऊन गेला होता. लिहायला आता कुणाची हरकत नव्हती. पण बाई पडल्या होत्या, गाव सोडून गेल्या होत्या, आता कुणाला काय मिळणार, असं मी मनाशी म्हणालो. मग ते दरवर्षी म्हणत राहिलो.

मागच्या महिन्यात मेधा सोलापूरला एका लग्नाला गेली होती. परत आल्यावर जेवताना सहज म्हणाली, "बाबा, तुमच्या शेटेमॅडम भेटल्या."

मी विचारलं, कशा आहेत.

"थकल्यात. पण बोलतात छान. मी तुमची मुलगी म्हटल्यावर हात सोडेनात." तिनं आमटी वाढून घेतली. "म्हणाल्या, तुझ्या वडलांचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांच्यामुळं मला माझी चूक कळली. नाहीतर मी शेवटपर्यंत स्वतःला शहाणी समजत राहिले असते. कसली चूक हो, बाबा?"

प्रमिलानं ताटावरून मान वर केली नाही. मी पाणी प्यायलो. मेधाला म्हणालो, सांगतो. जेवण झाल्यावर सांगितलं. शेवटी ती फक्त म्हणाली, "मी तिथं बसले होते," आणि पर्समधून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. मॅडमनी दिलेला पत्ता होता. त्यांनी मला एखादं पुस्तक सुचवायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद घेतला. माझं अक्षर आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही, हात कापतो. पण या वेळी मी कागद फाडला नाही.

"आदरणीय शेटेमॅडम यांना नमस्कार. आपलं पत्र मिळालं होतं. आपण अनुमोदन दिलं नव्हतं. आपण विरोध नोंदवायला सांगितलं होतं, तो मी नोंदवला नाही. आपलं नाव मी घातलं, कारण खुर्च्यांच्या क्रमानं पाळी आपली होती. दुसरं काही कारण नाही. बाजार आवारात वाचताना हे मला कळलं होतं, आणि तरी मी पुढचं वाचलं. चौकात आपण जी चूक कबूल केली ती आपली नव्हती. हे पत्र कुणालाही दाखवायला माझी ना नाही. द. वि. सोनटक्के."

पुस्तक मला सुचलं नाही.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या मुलीनं पाकीट वजनाला लावलं, पत्ता वाचून पाहिला आणि रजिस्टर करायचं का विचारलं. मी हो म्हणालो. मग तिनं विचारलं, "पोचपावती जोडू का, आजोबा? म्हणजे त्यांनी सही करून घेतलं की कार्ड तुमच्याकडे परत येतं."

मी थोडा वेळ उभा राहिलो. मागे कुणी नव्हतं, त्यामुळे तीही थांबली.

"नको," मी म्हणालो.

तिनं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.